‘८० टक्के काम पूर्ण’ म्हणजे नेमकं काय झालं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: तालुक्याच्या गावी सांस्कृतिक भवन बांधणं आणि तिथल्या जुन्या ग्रंथालयाच्या संग्रहाचं डिजिटायझेशन करणं, या दोन कामांना शासनाचा निधी मंजूर झाला. त्याला तीन वर्षं झाली. कुठेही विचारलं तरी ‘८० टक्के काम पूर्ण’ एवढंच उत्तर मिळतं. भवनाला कुलूप आहे आणि पोर्टल उघडत नाही. सामान्य माणसाने या कामांची प्रगती तपासायची कशी, आणि कुठले कागद मागायचे?

मी बरीच वर्षं प्रकल्प संनियंत्रणाच्या कामात होतो. हे ‘८० टक्के’ ज्या तक्त्यातून बाहेर पडतात, ते तक्ते भरणाऱ्यांच्या बाजूला माझं टेबल होतं. म्हणून आधी त्या आकड्याबद्दलच बोलतो.

हा आकडा बहुतेक वेळा खोटा नसतो. फक्त तो कशाचा आहे हे सांगितलेलं नसतं. मासिक प्रगती अहवालात दोन रकाने असतात, आर्थिक प्रगती आणि भौतिक प्रगती. मंजूर रकमेपैकी किती खर्च झाली, ती आर्थिक प्रगती. आता ‘खर्च’ कशाला म्हणतात ते बघा. विभागाने पैसे सार्वजनिक बांधकाम विभागाकडे ठेव अंशदान म्हणून भरले, किंवा एखाद्या महामंडळाच्या खात्यात वर्ग केले, की विभागाच्या वहीत ते खर्ची पडले. जागेवर खड्डासुद्धा खणलेला नसला तरी आर्थिक प्रगती ६० टक्के दिसू शकते. ३१ मार्चच्या आधीच्या पंधरवड्यात असे पैसे सर्वाधिक हलतात, कारण न वापरलेला निधी परत जातो. म्हणून प्रगतीचा आकडा मार्चमध्ये उडी मारून वर गेलेला दिसला, तर काम धावलं असं समजू नका.

भौतिक प्रगतीचीही अशीच गंमत आहे. नाट्यगृह किंवा सांस्कृतिक भवन सहसा एका निविदेत बसत नाही. पाया, सांगाडा, वीटकाम, गिलावा हे स्थापत्य काम एका कंत्राटदाराकडे. विद्युतीकरण, वातानुकूलन, ध्वनियंत्रणा, रंगमंचाची प्रकाशयोजना, खुर्च्या, अग्निशमन यांची अंदाजपत्रकं वेगळी. पुष्कळदा ती मूळ मान्यतेत धरलेलीच नसतात, किंवा अशा तुटपुंज्या रकमेत धरलेली असतात की निविदेला कोणी फिरकत नाही. मग स्थापत्य काम ९५ टक्के, आणि इमारत मात्र बंद. तुमच्या भवनाचं कुलूप बहुधा याच जागी अडकलेलं असणार. तेव्हा पहिला प्रश्न ‘किती टक्के झालं’ असा विचारू नका. ‘हे टक्के कोणत्या अंदाजपत्रकाचे, आणि त्या अंदाजपत्रकात कोणकोणती कामं आहेत’ असं विचारा.

लोकांच्या कामाचा असतो तो तिसराच रकाना: वापरता येतं का? हा रकाना तक्त्यात नसतो. देशातलं सर्वांत मोठं उदाहरण भारतनेटचं. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये वेगळ्या नावाने मंजुरी मिळाली, सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याचं लक्ष्य होतं, आणि मूळ मुदत होती जेमतेम दोन वर्षांची. त्यात प्रगती मोजण्याचं एकक होतं ‘सेवासज्ज ग्रामपंचायत’, म्हणजे केबल पोहोचली, यंत्र बसलं, चाचणी झाली. त्या ग्रामपंचायतीत आज इंटरनेट चालू आहे का, हा प्रश्न या एककात बसतच नाही. केबल तुटली, वीजबिल थकलं, यंत्र बंद पडलं, तरी पंचायत सेवासज्जच राहते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये सुधारित कार्यक्रमाला १,३९,५७९ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. तेव्हा चालवणं आणि देखभाल या गोष्टींना त्यात मोठी जागा द्यावी लागली, हे उगाच नाही.

आता कागद. सुरुवात प्रशासकीय मान्यतेच्या शासन निर्णयापासून करा. त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज लागत नाही. शासनाच्या संकेतस्थळावर विभाग आणि दिनांक टाकून तो सापडतो. संकेतांक हाती असेल तर आणखी सोपं, कारण त्याची सुरुवातच वर्ष, महिना आणि दिवसाने होते. निर्णयाच्या माथ्यावर ‘वाचा’ असं लिहून आधीच्या निर्णयांची आणि पत्रांची यादी दिलेली असते. लोक ती ओलांडून खाली जातात. मी आधी तीच वाचतो. कामाचा सगळा पूर्वेतिहास त्या पाच-सात ओळींत असतो: मागणी कधी झाली, पहिली मान्यता कितीची होती, मध्ये शुद्धिपत्रक का निघालं. त्यानंतर रक्कम, लेखाशीर्ष (म्हणजे सरकारी हिशेबातल्या ज्या खात्यातून पैसे येतात त्याचा क्रमांक) आणि शेवटच्या अटी बघा. ‘जागेची मालकी निर्विवाद असल्याची खात्री करावी’, ‘देखभालीचा खर्च संबंधित नगरपरिषदेने स्वनिधीतून करावा’ अशा अटी तिथे असतात, आणि पुढे काम अडलं तर बहुतेक वेळा त्यातल्याच एखाद्या अटीवर अडलेलं असतं.

सुधारित प्रशासकीय मान्यता निघाली असेल, तर दोन्ही निर्णय शेजारी ठेवा. खर्च वाढला म्हणजे घोटाळा झाला, असं लगेच म्हणू नका. शासकीय बांधकामांच्या कंत्राटांवरचा जीएसटी जुलै २०२२ मध्ये १२ वरून १८ टक्के झाला. त्या एका बदलाने कितीतरी जुनी अंदाजपत्रकं कोलमडली आणि सुधारित मान्यता घ्याव्या लागल्या. कधी कामाचा आवाकाच बदलतो. मुंबईत इंदू मिलच्या जागेवरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकाचं भूमिपूजन ऑक्टोबर २०१५ मध्ये झालं. पुढे पुतळ्याची उंची २५० फुटांवरून ३५० फूट करायचं ठरलं, आणि खर्च ७६३ कोटींवरून सुमारे १,०९० कोटींवर गेला. उंची शंभर फुटांनी वाढली की नुसती मूर्ती वाढत नाही. संरचनेची गणितं, पाया, वाऱ्याच्या दाबाच्या चाचण्या, मान्यता हे सगळं नव्याने करावं लागतं. अशा कामाची मुदत मूळ आराखड्याला धरून मोजायची की सुधारित, हे तुम्ही आधी ठरवायला हवं. माझं मत विचाराल तर दोन्ही मोजा आणि दोन्ही आकडे सांगा. फक्त सुधारित मुदत धरली तर कुठलंच सरकारी काम कधी उशिरा होत नाही.

मान्यता म्हणजे पैसे नव्हेत, हेही लक्षात असू द्या. पैसे अर्थसंकल्पात असतात. राज्याच्या अर्थसंकल्पाची पुस्तकं वित्त विभागाच्या संकेतस्थळावर मिळतात. कला आणि संस्कृतीचा महसुली खर्च २२०५ या मुख्य लेखाशीर्षाखाली, आणि शिक्षण, क्रीडा, कला व संस्कृतीचा भांडवली खर्च ४२०२ खाली. शासन निर्णयातलं लेखाशीर्ष घेऊन तुमची ओळ शोधा. मागच्या वर्षाच्या प्रत्यक्ष रकमा, चालू वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज हे एका ओळीत मिळतं. आकडे हजार रुपयांत छापलेले असतात. तुमच्या योजनेसमोर नुसता ‘१’ दिसला तर तो छपाईचा दोष नाही. ती एक हजार रुपयांची प्रतीकात्मक तरतूद आहे. म्हणजे लेखाशीर्ष जिवंत ठेवलं आहे, वर्षभरात पुरवणी मागणीत काही मिळालं तर मिळालं. आणि अर्थसंकल्पीय अंदाज दहा कोटी, सुधारित अंदाज दोन कोटी असं दिसलं, तर त्या वर्षी काम का रेंगाळलं याचं निम्मं उत्तर तुमच्या हातात आलं.

यानंतरचे कागद मागावे लागतात. कार्यारंभ आदेश मागा, कारण मुदत तिथून मोजली जाते, भूमिपूजनाच्या फोटोवरून नव्हे. निविदेची ‘अनुसूची ब’ मागा, तिच्यात प्रत्येक बाब, परिमाण आणि दर असतो. चालू देयकं, म्हणजे काम चालू असताना टप्प्याटप्प्याने निघालेली बिलं, आणि मोजमाप पुस्तिका मागा. मोजमाप पुस्तिका म्हणजे अभियंत्याने जागेवर जाऊन घेतलेल्या मोजमापांची वही, आणि कंत्राटदाराला पैसे देण्याचा मूळ आधार. अनुसूचीत फरशी इतके चौरस मीटर, मोजमाप पुस्तिकेत तितके, आणि तुमच्या डोळ्यांसमोर दालनात उघडी कोबा जमीन, एवढं जुळवायला अभियंता असावं लागत नाही. परिमाण निविदेपेक्षा बरंच वाढलेलं असेल तर बांधकाम खात्यातले लोक कंत्राटातल्या कलमावरून ‘कलम ३८ चं प्रकरण’ म्हणतात. ते मंजूर कोणी आणि कधी केलं, तेही विचारा.

पण या सगळ्यांत बोलका कागद मुदतवाढीचा प्रस्ताव. जाहीर उत्तरात ‘पावसाळा व तांत्रिक कारणांमुळे विलंब’ एवढंच येतं. मुदतवाढीच्या धारिकेत, म्हणजे फाइलमध्ये, मात्र दोन्ही बाजूंना आपली कातडी वाचवायची असते. दंड लागू नये म्हणून कंत्राटदार तारखांसह लिहितो: जागेचा ताबा अमुक दिवशी मिळाला, नकाशे इतक्या महिन्यांनी आले, तिसरं देयक अजून थकलेलं आहे. विभाग त्याला तितकंच सविस्तर उत्तर देतो: मजूर अपुरे, कामाची गती असमाधानकारक, नोटिसा इतक्या दिल्या. दोन्ही पत्रं वाचली की विलंबाचा खरा हिशेब समोर येतो. तीच गोष्ट आढावा बैठकांच्या इतिवृत्तांची. एकच मुद्दा सलग तीन इतिवृत्तांत ‘कार्यवाही चालू’ म्हणून आला असेल, तर काम तिथे अडलंय हे समजा.

माहिती अधिकाराचा अर्ज लिहिताना लोक एक चूक हमखास करतात. ‘काम का रखडलं? जबाबदार कोण?’ असं विचारतात. ‘का’ ही माहिती नव्हे. नोंदीत जे आहे तेवढंच देणं अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. तुमच्यासाठी बसून कारणमीमांसा लिहिणं नाही. कागदाचं नाव घेऊन मागा: ‘सदर कामाचा कार्यारंभ आदेश, आजवर मंजूर झालेली चालू देयके, मुदतवाढीचे सर्व प्रस्ताव व आदेश, आणि मागील दोन वर्षांच्या आढावा बैठकांची इतिवृत्ते यांच्या प्रती मिळाव्यात.’ महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एका विषयापुरता आणि १५० शब्दांत असावा लागतो, तेव्हा प्रस्तावना, कैफियत, संविधानाचे दाखले सगळं गाळा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील.

प्रतींचा गठ्ठा मागण्याआधी अभिलेख पाहण्याची मागणी करा. कायद्याच्या कलम २ मध्ये कामाची, दस्तऐवजांची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे नमुने घेण्याचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. त्याचा उपयोग फार थोडे लोक करतात. शिवाय २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख पाहता येतात. धारिका समोर उघडली की कुठली चार पानं हवीत ते कळतं, आणि चारशे पानांचे पैसे वाचतात. जाताना बांधकामातला जाणकार एखादा बरोबर न्या. आवाज चढवणारा नको.

डिजिटायझेशनचं काम यापेक्षा अवघड, कारण जागेवर जाऊन बघायला काही नसतं. तिथे मला जास्त वेळ द्यायचा आहे.

आधी एकक विचारा. ‘एक लाखाचं काम झालं’ म्हणजे एक लाख पानं, एक लाख प्रतिमा की एक लाख नोंदी? दोन पानं एका प्रतिमेत घेतली की आकडा निम्मा होतो, मुखपृष्ठं आणि कोरी पानं धरली की फुगतो. मग टप्पा विचारा. स्कॅनिंग ही पहिली पायरी. नंतर गुणवत्ता तपासणी, नोंदींचं वर्णन म्हणजे मेटाडेटा, अक्षरओळख, सर्व्हरवर चढवणं आणि शेवटी लोकांसाठी खुलं करणं. कंत्राटात दर पानामागे पैसे असतील तर पुरवठादाराचं सगळं लक्ष पहिल्या पायरीवर राहतं, कारण देयक तिथेच निघतं. मेटाडेटाला वेळ लागतो, वाचणारा माणूस लागतो, आणि त्याचा दर सहसा फुटकळ असतो. शेवटी तयार होतं काय, तर ‘स्कॅन०००४५१’ अशा नावाच्या हजारो फायलींनी भरलेली हार्ड डिस्क. ती कपाटात जाते, आणि अहवालात १०० टक्के लागतात.

जुन्या मराठी संग्रहात ही अडचण दुप्पट होते. शिळाप्रेसवर छापलेल्या पोथ्या आणि सुरुवातीची खिळाछापाई यांवर अक्षरओळखीची सॉफ्टवेअरं अजून अडखळतात. मोडी कागद तर वेगळीच गोष्ट आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरातला एखादा रुमाल (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा) सोडून त्यातला प्रत्येक कागद उत्तम स्कॅन केला, तरी तो कोणी कोणाला कधी लिहिला हे मोडी वाचणाऱ्याने नोंदवल्याशिवाय अभ्यासकाला त्या प्रतिमेचा उपयोग शून्य. म्हणून माझ्या लेखी अशा प्रकल्पाची प्रगती म्हणजे नोंदवलेल्या कागदांची संख्या, स्कॅन केलेल्यांची नव्हे. केंद्राने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात हस्तलिखितांसाठी ज्ञानभारतम मिशन जाहीर केलं. एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचं सर्वेक्षण, दस्तऐवजीकरण आणि जतन हे त्याचं लक्ष्य आहे, आणि तरतूद साडेतीन कोटींवरून ६० कोटींवर नेली. तिथेही हाच प्रश्न विचारावा लागणार आहे: सर्वेक्षण झालेली, जतन झालेली आणि वाचायला खुली झालेली हस्तलिखितं हे तीन आकडे वेगवेगळे मिळणार की एकच?

तुमच्या ग्रंथालयाची तपासणी तुम्ही स्वतः एका दुपारी करू शकता. दाखल नोंदवही मागा. त्यातून ठरावीक अंतराने नोंदी निवडा, समजा दाखल क्रमांक १००, ३००, ५०० असं करत पंचवीस. ओळखीची, प्रसिद्ध पुस्तकं निवडू नका, ती पोर्टलवर आधी चढवलेली असतात. आता एकेक शोधा. नोंद सापडली का? शीर्षक आणि लेखक बरोबर आहेत का? फाइल उघडते का? पुस्तकाची पानं आणि प्रतिमा यांची संख्या जुळते का? मधलं एखादं पान काढून बघा, कडेची अक्षरं कापली आहेत का, मागच्या पानाची शाई पुढे उमटून मजकूर वाचेनासा झालाय का. साध्या मोबाइलवर हे सगळं चालतं का? पंचवीसपैकी नऊ पूर्ण मिळाली, सहा अर्धवट, दहा नाहीतच, असा निकाल लिहून तारखेसह ठेवा. ‘पोर्टल चांगलं नाही’ या तक्रारीला उत्तर देता येतं, या यादीला देणं जड जातं.

यात एक सवलत द्या. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क चालतो, त्यामुळे स्कॅन झालेलं प्रत्येक पुस्तक खुलं करता येणार नाही. पण त्याची नोंद तरी दिसलीच पाहिजे, आणि ‘हक्कांमुळे मर्यादित’ असं तिथे लिहिलेलं असलं पाहिजे.

तुमचं पोर्टल उघडतच नाही म्हणता, तर तीन कागद मागा: सुरक्षा तपासणीचं प्रमाणपत्र, जे सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या यादीतल्या संस्थेकडून घ्यावं लागतं, वापरकर्ता चाचणी झाल्याचा, म्हणजे यूएटीचा, सही केलेला अहवाल, आणि देखभाल करार कोणत्या तारखेपर्यंत आहे तो कागद. पत्ता शासनाच्या डोमेनवर आहे की पुरवठादाराच्या, हेही बघा. पुरवठादाराच्या नावावर असेल तर करार संपला की पत्ताही जातो. मूळ दर्जेदार प्रतिमा किती ठिकाणी ठेवल्या आहेत आणि शासनाच्या ताब्यात किती आहेत, हा प्रश्न आजच विचारा. बंद पडलेलं पोर्टल पुन्हा उभं करता येतं. हरवलेल्या मूळ प्रतिमांसाठी पुन्हा तीच जीर्ण पुस्तकं यंत्राखाली घालावी लागतात, आणि प्रत्येक वेळी त्यांची पानं आणखी फाटतात.

डॅशबोर्डवरच्या आकड्यांची आणखी एक खोड आहे: आजचा आकडा कालच्यावर चढतो आणि कालचा नाहीसा होतो. दर महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला ते पान वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे वेबपानांच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या संकेतस्थळावर, जतन करून ठेवा. सहा महिन्यांनी ‘एकूण उद्दिष्ट’ हाच रकाना गुपचूप घटलेला दिसला तर चकित होऊ नका. टक्केवारी वाढवायचा तो सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

तुमच्या भवनाला केंद्राचा वाटा असेल, उदाहरणार्थ टागोर कल्चरल कॉम्प्लेक्स योजनेतून, जिथे सर्वसाधारण राज्यांसाठी केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के असं प्रमाण आहे, तर उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे निधी ठरलेल्या कामासाठीच वापरल्याचा दाखला, मागायला विसरू नका. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांनुसार ते आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत द्यायचं असतं. ते गेलं नाही की पुढचा हप्ता थांबतो, आणि इथे कंत्राटदार ‘पैसे नाहीत’ म्हणून काम सोडतो. केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाचे मोठ्या प्रकल्पांचे अहवाल चाळून फायदा नाही. ते १५० कोटी आणि त्यावरच्या केंद्रीय प्रकल्पांचे असतात, तुमचं काम त्या चाळणीतून खाली पडतं. कॅगचा राज्य वित्तव्यवस्थेवरचा वार्षिक अहवाल मात्र बघा. प्रलंबित उपयोगिता प्रमाणपत्रांची विभागनिहाय थकबाकी त्यात असते. तुमच्या कामाचं नाव त्यात सापडणार नाही, पण तुमच्या विभागाची सवय कळेल.

हाती आलेलं घेऊन जायचं कुठे? आमदारांकडे, तयार प्रश्न घेऊन. तारांकित प्रश्नाला सभागृहात उत्तर द्यावं लागतं, आणि ते उत्तर तयार करताना मंत्रालयातून तालुक्यापर्यंत फोन फिरतात. नुसत्या त्या फोनांनी पुढे सरकलेली कामं मी पाहिली आहेत. जिल्हा वार्षिक योजनेतला पैसा असेल तर जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीआधी सदस्यांना एक पानाचं टिपण द्या, जास्त नको. वर्तमानपत्राकडे सर्वांत शेवटी, आणि पंचवीस नोंदींची ती यादी घेऊनच.

तुमच्यापुरतं सांगायचं तर या आठवड्यात दोन वेगळे अर्ज करा, कारण एका अर्जात दोन विषय आले की तेवढ्यावर तो परत येऊ शकतो. भवनाच्या अर्जात ध्वनियंत्रणा, वातानुकूलन, अग्निशमन आणि खुर्च्या यांची अंदाजपत्रकं व त्यांची सद्यःस्थिती दर्शवणारा पत्रव्यवहार मागा. संग्रहाच्या अर्जात करारातली देयकाच्या टप्प्यांची अनुसूची आणि यूएटी अहवाल. आणि सोमवारी तीन वाजता कार्यालयात जा.